आय-थ्री ४१३० ते रायझन ५६००जी : कुठल्या बदलानं किती वेग आला

जुनं मशीन असं होतं: इंटेल कोअर आय-थ्री ४१३०, एच-८१ मदरबोर्ड, ४ जीबी डीडीआर-३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. काम म्हणजे मराठी टायपिंग, हिशेब, आणि गोव्यातल्या देवळांच्या कालोत्सवात रात्रभर चालणाऱ्या नाटकांचं चित्रीकरण कापून त्याच्या एमपी-४ फायली करणं. बटण दाबल्यापासून क्रोम उघडेपर्यंत साडेतीन मिनिटं जायची.

पणजीला दुकानात जाण्याआधी टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून ठेवला. चालू होताना डिस्क १०० टक्क्यांवर चिकटलेली आणि प्रोसेसर जेमतेम १५-२० टक्क्यांवर. म्हणजे प्रोसेसर रिकामा बसून डिस्कची वाट बघत होता. व्हिडिओ एक्सपोर्टला, म्हणजे कापून झाल्यावर त्याची फाईल करायला, लावला की नेमकं उलटं: प्रोसेसर १०० टक्के, डिस्क निवांत. दोन दुखणी, दोन औषधं. दुकानदार बहुतेक वेळा दोन्हींवर एकच औषध देतो.

आधी ५०० जीबीची साटा एसएसडी घेतली, म्हणजे हार्ड डिस्कच्याच वायरीवर चालणारी पण आत काही न फिरणारी डिस्क, आणि विंडोज तिच्यावर क्लोन केलं, म्हणजे जसंच्या तसं उतरवलं. एच-८१ चिपसेटला (बोर्डवरची मुख्य चिप) साटाचे चार पोर्ट, त्यातले दोनच ६ गिगाबिटचे. बाकीचे दोन ३ गिगाबिटचे. माझी वायर चुकून हळू पोर्टात गेली होती, त्यामुळे वाचनाचा वेग सेकंदाला २७० एमबीच्या पुढे जाईना. पोर्ट बदलल्यावर ५३० मिळाला. चालू होण्याच्या वेळेत मात्र त्यानं एखाद-दुसऱ्या सेकंदाचाच फरक पडला, कारण विंडोज त्या वेळी हजारो बारीक फायली वाचत असतं, एक मोठी फाईल नव्हे. साडेतीन मिनिटांची चाळीस सेकंदं झाली ती हार्ड डिस्कचं मागं-पुढं सरकणारं डोकं वाटेतून गेल्यामुळे.

मग रॅम. ४ जीबीची आणखी एक पट्टी टाकून ८ केली. पट्ट्या दोन असल्या की ड्युअल चॅनलही मिळतो, म्हणजे प्रोसेसर दोन्ही पट्ट्यांशी एकदम बोलतो. नवी पट्टी लावल्यावर मशीन नुसतं बीप करत राहिलं. दोष जुन्या पट्टीचा होता: सोनेरी संपर्क काळपट पडले होते. इथल्या दमट, खाऱ्या हवेत हे नेहमीचं. पांढऱ्या खोडरबरानं हलकेच घासून, चुरा ब्रशनं झाडून, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली की पट्टी पुन्हा ओळखली जाते. स्लॉटमध्ये फुंकर मात्र मारू नये, तोंडाची वाफ आत जाते.

आता टायपिंग, ब्राउझर, हिशेब सगळं सुरळीत झालं. पण नाटकाचा ४० मिनिटांचा एक अंक फुल एचडीत, हँडब्रेक या प्रोग्रॅममध्ये एच-२६४ या व्हिडिओ प्रकारात करायला आधी ४२ मिनिटं लागायची, नंतरही ४२च. दोन कोअरचा, म्हणजे हिशेब करणारे दोनच भाग असलेला, प्रोसेसर त्याहून पुढे जाणार कसा! त्याच बोर्डवर जुना आय-सेव्हन ४७७० बसला असता, चार कोअर आठ थ्रेडचा (थ्रेड म्हणजे एका वेळी चालणारी कामं). पण विंडोज १०चा आधार (मायक्रोसॉफ्टची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, आणि विंडोज ११च्या यादीत इंटेलची बहुतेक आठवी पिढी आणि पुढचेच. ४१३० आणि ४७७० दोन्ही चौथ्या पिढीचे. शिवाय डीडीआर-३ची पट्टी डीडीआर-४च्या स्लॉटात जात नाही, खाच वेगळ्या जागी असते. त्यामुळे प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही एकदम बदलावी लागली.

घेतला रायझन ५ ५६००जी: सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, ग्राफिक्स आतच. सोबत बी-४५० बोर्ड आणि डीडीआर-४ ३२००च्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या. इथे एक गोम आहे. बी-४५० आला २०१८ला, हा प्रोसेसर २०२१ला. जुना बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डवरचाच प्रोग्रॅम) असलेल्या बोर्डवर पडदा काळाच राहतो, म्हणून दुकानातच बायोस अपडेट करून घेतला.

जोडणीत सगळ्यात जास्त वेळ खाल्ला स्टँडऑफनी, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकतो त्या पेटीतल्या छोट्या धातूच्या खुंट्यांनी. जुना बोर्ड अरुंद होता, त्यामुळे उजवीकडच्या ओळीत स्टँडऑफ नव्हतेच. नवा बोर्ड २४.४ सेंटिमीटर रुंद. तिथं आधार नसेल तर विजेचा २४-पिनचा जाड प्लग दाबताना बोर्ड वाकतो. उलट, जिथं भोक नाही तिथला जुना स्टँडऑफ तसाच राहिला तर तो मागच्या सोल्डरला लागून शॉर्ट होतो. माझे दोन तर गंजून स्क्रूबरोबरच फिरत होते, पकडीनं धरून काढावे लागले. कूलर बसवताना बोर्डवरच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचे चार स्क्रू सोडले की मागची लोखंडी प्लेट खाली पडते, ती हातानं धरून ठेवायची. कूलरचे स्क्रू तिरके-समोरासमोर, दोन-दोन फेऱ्यांनी आवळायचे.

पहिल्यांदा बटण दाबलं तर पंखे फिरले, पडदा काळा. प्रोसेसरची वेगळी वीजवायर, बोर्डच्या वरच्या कोपऱ्यातली, लावायचीच राहिली होती. २४-पिनवर पंखे फिरतात, म्हणून फसायला होतं.

विंडोजची तयारी जुना बोर्ड काढण्याआधीच करायची. माझं विंडोज मशीन सुरू करण्याच्या जुन्या, लेगसी पद्धतीनं टाकलेलं होतं. नवा बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीवरच चालू होतो. त्यासाठी डिस्कची मांडणी बदलणारं विंडोजचंच एमबीआर-टू-जीपीटी साधन आधी व्हॅलिडेट (तपासणी), मग कन्व्हर्ट (बदल) असं चालवलं. डिस्कवर डी, ई असे लॉजिकल भाग पाडलेले असतील तर ते व्हॅलिडेटलाच नकार देतं. विंडोजचा ओईएम परवाना (मशीनबरोबरच आलेला) बोर्डला बांधलेला असतो, तो नव्यावर येत नाही.

रॅम आधी २४००वरच धावत होती. बायोसमध्ये एक्सएमपी, म्हणजे पट्टीवर लिहिलेला वेग देणारी सेटिंग, चालू केल्यावर ३२०० झाली. आतल्या ग्राफिक्सला हीच रॅम वापरावी लागते, त्यामुळे एकच १६ची पट्टी घेण्यापेक्षा ८च्या दोन बऱ्या.

तोच अंक आता ९ मिनिटांत होतो. मशीन चालू व्हायला ४० ऐवजी २२ सेकंदं, म्हणजे नुसतं टायपिंग करणाऱ्यानं एसएसडी आणि रॅमवरच थांबावं, विंडोज ११ची गरज नसेल तर.

लांब एक्सपोर्टला दुपारच्या उकाड्यात प्रोसेसर ८५ अंशांपर्यंत चढतो. मर्यादा ९५ची. बाजूचं झाकण काढलं की ५-६ अंश उतरतात, पण मग पाली आत शिरतात. म्हणून झाकण बंद ठेवून मागं १२० मिमीचा एक पंखा बसवला.