एका टर्मिनलवर तीन तारा

जलशुद्धीकरण केंद्रातल्या सहा पंपांपैकी पाचव्या आणि सहाव्या पंपाचे ड्राइव्ह, म्हणजे मोटरचा वेग नियंत्रित करणारी उपकरणे, दिवसातून कितीतरी वेळा नियंत्रण कक्षाच्या स्क्रीनवरून नाहीसे होत आणि काही सेकंदांनी परत येत. कम्युनिकेशन कार्डे बदलून झाली होती, नेटवर्कवरचे पत्ते आणि बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग) तपासून झाले होते, म्हणून त्या दिवशी पॅनेल उघडण्याआधी मी ड्रॉइंगचा संच घेऊन बसलो.

पहिल्या पानावर पीएलसीपासून (केंद्र चालवणाऱ्या नियंत्रक संगणकापासून) निघालेली एक सरळ रेघ आणि तिच्यावर ओळीने सहा ड्राइव्ह होते, म्हणजे आरएस-४८५ या दोन तारांच्या जोडणीवर चालणाऱ्या मॉडबस या संवादपद्धतीला हवी तशी डेझी चेन, एकापुढे एक जोडलेली साखळी. पण असे पान कोण कोणाशी जोडलेले आहे एवढेच सांगते. तार कुठून कुठे जाते हे टर्मिनलच्या पानावरच कळते, आणि नेटवर्कची रचना ओळखायची असेल तर रेघांचा आकार न पाहता प्रत्येक टर्मिनलवर किती तारा येतात ते मोजावे, असे माझे ठाम मत आहे. साखळीतल्या मधल्या टर्मिनलवर दोनच तारा असतात, एक येणारी आणि एक जाणारी. जंक्शन बॉक्सच्या २१ आणि २२ क्रमांकांवर मात्र तीन-तीन केबलींचे क्रमांक होते: एक पीएलसीकडून आलेली, एक पहिल्या तीन ड्राइव्हच्या पॅनेलकडे आणि एक पुढच्या तिनांच्या पॅनेलकडे गेलेली. साखळीला तिथे फाटा फुटला होता, आणि सिग्नल टोकावरून परत उलटू नये म्हणून साखळीच्या फक्त दोन टोकांना लावायचे टर्मिनेशनचे रेझिस्टरही पीएलसीवर, तिसऱ्या ड्राइव्हवर आणि सहाव्यावर असे तीन ठिकाणी दाखवले होते.

वीजपुरवठा बंद करून २१ आणि २२ वर मल्टीमीटर लावला. दोन टोकांना १२० ओहमचे दोन रेझिस्टर असते तर आकडा ६० च्या आसपास यायला हवा होता, आला ४१. असे तीन समांतर जोडले की ४० होतात.

नवी केबल ओढायची तर पावसाळ्यात चर खणावा लागला असता. फेरूल, म्हणजे तारांवरच्या क्रमांकांच्या नळ्या, तपासत असलेले इलेक्ट्रिशियन दादा म्हणाले, "साहेब, या केबलमधली दुसरी जोडी रिकामीच आहे की." त्याच जोडीने तिसऱ्या ड्राइव्हपासून जंक्शन बॉक्सपर्यंत परत आलो, २३ आणि २४ वरून चौथ्याकडे गेलो आणि तिसऱ्यावरचा रेझिस्टर काढला. मीटरने ६१ दाखवले.

मग मी लाल पेनाने दोन्ही पाने दुरुस्त केली आणि जोडीतल्या दोन तारांच्या ए-बी या खुणांच्या जागी अधिक-उणे लिहिले, कारण काही उत्पादक ही अक्षरे उलट वापरतात. दादांनी प्रत्येक फेरूल त्या लाल नोंदींशी पुन्हा एकदा ताडून पाहिले आणि मगच पॅनेलचे दार लावले.