कॉमन रेल ट्रॅक्टरवर नवा मेकॅनिक तयार करताना

पलूस-तासगाव पट्ट्यात ट्रॅक्टरदुरुस्तीवाल्याला मोकळे दिवस फार थोडे मिळतात. ऑक्टोबरात द्राक्षाची फळछाटणी झाली की ब्लोअर, म्हणजे औषध फवारायची यंत्रं, यायला लागतात. कारखान्यांची धुराडी पेटली की मार्चपर्यंत ऊसवाहतुकीचे ट्रॅक्टर, आणि मे-जूनला पेरणीच्या तोंडावर रोटाव्हेटर. त्यामुळे नवा मुलगा घ्यायचा तर मी हंगाम संपता संपता घेतो. तेव्हा मशीन उघडून दाखवायला वेळ असतो आणि मालक डोक्यावर उभा नसतो. ऐन हंगामात घेतलेला मुलगा फक्त पाने उचलून द्यायला शिकतो.

येणारी मुलं दोन प्रकारची असतात. आयटीआय मेकॅनिक डिझेल केलेल्याला सर्किट कागदावर कळतं, पण हाताला सवय नसते. गावच्या गॅरेजमधून आलेल्याचा हात तयार असतो, पण त्याच्या सगळ्या सवयी जुन्या पंपाच्या इंजिनावर पडलेल्या. शिकवायला मला पहिला सोपा वाटतो. दुसऱ्याच्या सवयी आधी मोडाव्या लागतात, आणि त्यातली एक जिवावर बेतणारी आहे.

इंजिन मिस मारत असेल तर चालू इंजिनावर एकेका नोझलच्या पाइपचा नट सैल करून सिलिंडर ओळखायचा, ही ती सवय. जुन्या इनलाइन किंवा रोटरी पंपावर सगळे असंच करत आले. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल मिळतं त्या पद्धतीत, त्याच पाइपात लोडवर दीड हजार बारच्या पुढे दाब असतो. सैल नटातून निघालेली डिझेलची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, पहिल्या तासात फारसं दुखतही नाही, म्हणून माणूस हात पुसून कामाला लागतो. आत मात्र डिझेल बोटाच्या स्नायुबंधांच्या (कंडरांच्या) आवरणातून पसरत जातं आणि काही तासांत बोट किंवा हात गमवायची वेळ येते. असं झालं तर मलम लावत बसायचं नाही. तडक मिरजेला शल्यचिकित्सकाकडे न्यायचं आणि ‘दाबाखाली डिझेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगायचं. हे मी पहिल्याच दिवशी सांगतो. इंजिन बंद केल्यावरही रेलमधला दाब उतरेपर्यंत थांबायचं. किती मिनिटं ते त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं.

१ जानेवारी २०२३पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ हे धुराचे नियम लागू झाले आणि कॉमन रेल, इंजिनाचा संगणक म्हणजे ईसीयू, थोडा धूर परत इंजिनात फिरवणारं ईजीआर, धुराड्यातला काजळी अडवणारा फिल्टर म्हणजे डीपीएफ हे सगळं थेट शेतात आलं. द्राक्षबागेतले छोटे ट्रॅक्टर अजून साध्या पंपाचेच आहेत. म्हणून एकाच छपराखाली दोन्ही पद्धतींची कामं चालतात, आणि मुलाने आधी समोर काय उभं आहे ते ओळखायचं असतं.

पहिले काही आठवडे काम स्वच्छतेचं. डिझेलच्या कुठल्याही नटाला पाना लावण्याआधी तो भाग धुऊन हवेने कोरडा करायचा, पाइप सुटला की दोन्ही तोंडांना लगेच टोपण. कापसाची चिंधी चालत नाही, तिचा धागा नोझलपर्यंत जातो. पाण्याचा जोरदार फवारा ईसीयूवर आणि कपलरवर (वायरींच्या जोडावर) मारायचा नाही. नवा बारीक डिझेल फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवायचा नाही. कॅनमधला कचरा फिल्टरच्या स्वच्छ बाजूला पडला की तो सरळ पंपात जातो. कोरडा फिल्टर बसवायचा आणि हातपंप कडक लागेपर्यंत मारून हवा काढायची. मग सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती.

त्यानंतर मीटर. टेस्ट लॅम्प मी नव्या मुलाच्या हातातून काढून घेतो. बल्ब जेवढा करंट ओढतो तेवढा ईसीयूच्या वायरींना झेपत नाही. मल्टीमीटरवर आधी बॅटरी: रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जायला नको, इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४. मग अर्थिंग: मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर, आणि सेल्फ मारायचा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थची पट्टी किंवा तिची बैठक खराब. ट्रॅक्टर लहरीवर चालू होतो, काट्यावरचे (डॅशबोर्डवरचे) दिवे उगाच पेटतात, सेन्सरचे आकडे नाचतात, अशा बऱ्याच तक्रारी अर्थचा बोल्ट काढून, रंग-गंज घासून परत आवळला की मिटतात.

सेन्सर समजावा म्हणून मी एक प्रयोग करून घेतो. जुन्या इंजिनाचा पाण्याच्या तापमानाचा सेन्सर तारेने बांधून पातेल्यात सोडायचा, शेजारी थर्मामीटर, खाली शेगडी, आणि मीटर ओहमवर. दर दहा अंशांना मुलाने आकडा वहीत लिहायचा. आमच्याकडे वारंवार येणाऱ्या सेन्सरला २० अंशांना अडीच हजार ओहमच्या जवळ दिसतात, ५० ला आठशेच्या आसपास, ८० ला तीनशेच्या थोडं वर. तापमान वाढतं तसा रोध उतरतो, हे डोळ्यांनी पाहिलं की विसरत नाही. मग तोच कपलर ट्रॅक्टरवर काढायचा: स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. कपलरच्या दोन पिना तारेने जोडायच्या: आकडा १३० च्या वर जातो. दोन्ही बदल दिसले तर वायर आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. आकडा हललाच नाही तर आधी वायर शोधा. यात एक मेख आहे. काही ईसीयू बिघाड ओळखला की स्वतःचा ठरलेला पर्यायी आकडा दाखवतात, त्यामुळे न हलणारा आकडा दिसला तर कपलरमधला व्होल्टेजही मोजायचा. तिथे ५ व्होल्ट यायला हवेत. आणि पिना जोडायचा हा खेळ फक्त दोन वायरच्या तापमान सेन्सरवर. तीन वायरच्या दाबाच्या सेन्सरवर तो करायचा नाही.

हे ५ व्होल्ट बऱ्याचदा दोन-तीन सेन्सरना मिळून असतात. एक आतून शॉर्ट झाला की सगळ्यांचे एरर कोड एकदम येतात आणि नवखा माणूस ईसीयू गेला म्हणतो. अशा वेळी एकेक कपलर काढत जायचं. ज्याचा काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात, तो चोर.

कोड म्हणजे सर्किटमधला आकडा मर्यादेबाहेर गेल्याची नोंद. पार्ट खराब आहे असा त्याचा अर्थ होत नाही. म्हणून कोड आधी पुसायचा नाही. फोटो काढायचा, इंजिनाचे तास, त्या क्षणाचा आरपीएम, लोड आणि रेलचा दाब वहीत लिहायचा, मगच हात लावायचा.

आमच्या भागात सर्वांत जास्त येणारी तक्रार: दोन ट्रॉल्या भरल्या की चढाला ओढत नाही, दिवा लागतो, आरपीएम वर जात नाही. कोड असतो रेलचा दाब कमी. मुलगा म्हणतो पंप गेला. पंपाला मी शेवटी हात लावू देतो, कारण तो सर्वांत महाग आणि इतर कारणं सर्वांत स्वस्त. टाकीचं टोपण सैल करून चालवून बघायचं. टोपणाची हवेची वाट बंद असेल तर टाकीत पोकळी होऊन डिझेल येत नाही. मग टाकीतली जाळी, पाणी साठायची वाटी, दोन्ही फिल्टर. मग पंपाच्या ओढीच्या बाजूला वीतभर पारदर्शक पाइप जोडायचा आणि इंजिन चालवायचं. डिझेलमध्ये सलग बुडबुडे दिसले तर हवा धरतंय: कापलेला रबरी पाइप, बॅन्जो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) वॉशर, फिल्टरची रिंग. शेतावर ड्रममधून आणलेल्या डिझेलने फिल्टर महिन्यात चोंदलेला मी पुष्कळदा पाहतो, म्हणून मालकाला डिझेल कुठून भरता हे विचारायला मुलाला शिकवतो.

एवढं ठीक निघालं तर नोझलचं रिटर्न, म्हणजे नोझलमधून परत जाणारं डिझेल. चारही नोझलचे रिटर्न पाइप काढून चार सारख्या बाटल्यांत सोडायचे, रिटर्नची मूळ वाट बंद करायची, इंजिन ठरावीक वेळ आयडलला (लोडविना मंद गतीवर) ठेवायचं. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या पाहिजेत. एकीत इतरांच्या दुप्पट-तिप्पट आलं तर त्या नोझलमधून दाब आत परत सुटतोय. हेही ठीक असेल तर पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा मीटरिंग व्हॉल्व्ह, त्याचा कपलर आणि कॉइलचा रोध मॅन्युअलशी ताडायचा. यानंतर पंप.

नोझल बसवताना तीन गोष्टी हमखास चुकतात. जुना तांब्याचा वॉशर खड्ड्यात राहतो आणि त्यावर नवा बसतो, मग बाजूने कंप्रेशन सुटून नोझल काजळीत रुततं. क्लॅम्पचा बोल्ट अंदाजाने आवळला जातो. तिथे टॉर्क पानाच लागतो. आणि नव्या नोझलवरचा कोड ईसीयूत भरायचा राहून जातो, मग ट्रॅक्टर चालतो पण धूर आणि खडखड राहते. हा कोड भरायला अनेक मॉडेलवर कंपनीचाच लॅपटॉप लागतो. अशा वेळी डीलरच्या माणसाला बोलावून त्याचे पैसे बिलात स्वच्छ लिहावेत. उच्चदाबाचे स्टीलचे पाइप बऱ्याच कंपन्या पुन्हा वापरू नका म्हणतात. मालक नवा पाइप नको म्हणाला तरी मी तिथे तडजोड करत नाही.

डीपीएफचं दुखणं ऊसवाल्यांना जास्त. कारखान्याच्या यार्डात नंबर लावून ट्रॅक्टर तासन्‌तास आयडलला राहतो. धुराडं तापत नाही आणि काजळी साठत जाते. ती जाळायला आत साडेपाचशे-सहाशे अंश तापमान लागतं. चालकाने मध्येच इंजिन बंद केलं की काजळी जाळायचं हे काम, म्हणजे रीजनरेशन, अर्धवट राहतं. असं वारंवार झालं की दिवा, मग ताकद कमी. उभ्याने रीजनरेशन करायचं तर जागा मोकळी हवी. उसाच्या पाचटावर किंवा गंजीजवळ ते करू नये, आग लागते. तेलही मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या कमी राखेच्या दर्जाचंच घालायचं. काजळी जळून जाते, तेलाची राख जळत नाही. ती फिल्टरमध्ये कायमची बसते.

वायरिंगचे निम्मे बिघाड नंतर केलेल्या जोडण्यांचे असतात. हंगामात ट्रॅक्टरवर टेप, स्पीकर, एलईडीच्या माळा चढतात, आणि त्यांचा पुरवठा हाताला लागेल त्या वायरीवरून सोलून घेतलेला असतो. ती वायर सेन्सरची किंवा कॅनची (यंत्रणा ज्यावरून एकमेकींशी बोलतात त्या वायरींच्या जोडीतली) निघाली की ईसीयू, काटा आणि बाकीच्या यंत्रणांचं बोलणं तुटतं. तपासायला बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं आणि डायग्नोस्टिक कपलरवर कॅन हाय आणि कॅन लो यांच्यात ओहम मोजायचे. नऊ पिनांच्या गोल कपलरवर त्या सी आणि डी. ६० ओहम आले तर ठीक. १२० म्हणजे एका टोकाचा रोध सुटलाय किंवा वायर तुटलीय. शून्याजवळ म्हणजे दोन्ही वायर चिकटल्या. लाइट हवेतच असतील तर बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले टाकून द्यावेत. मालकाला नाही म्हणून उपयोग नसतो, तो दुसरीकडून करून घेतो.

गोठ्याशेजारी उभ्या ट्रॅक्टरची हार्नेस (वायरींचा जुडगा) उंदीर कुरतडतात. फवारणीच्या ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये बोर्डो आणि गंधकाचे थेंब जाऊन पिना हिरव्या पडतात. २०१९ च्या महापुरात कृष्णाकाठी बुडालेल्या ट्रॅक्टरांतही हेच दिसलं: बाहेरून धुऊन चकचकीत, आणि कपलर उघडला की आत हिरवट पूड. पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्टरला सेल्फ मारायचाच नाही. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आणि ट्रॉलीच्या हुकाला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरी आणि ईसीयूचा कपलर सोडवायचा.

रोटाव्हेटरवर फार शिकवायला लागत नाही. रोटरच्या टोकाला ठिबकची लॅटरल किंवा पाचट गुंडाळलं जातं, घासून ऑइल सील जळतं, तेल निघून जातं आणि बेअरिंग जाम. दर दिवशी कापून काढायचं आणि चेनकेस, गिअरबॉक्स दोन्हींची पातळी बघायची, एवढं मालकालाच सांगायचं.

मुलगा एकटा शेतावर जायला लागला की फोन सुरू होतात. “दादा, पंप गेलाय” असा फोन आला तर मी फक्त विचारतो, बॅटरी किती? रेलचा दाब किती? पारदर्शक पाइपात काय दिसतंय? आकडे नसतील तर मोजून परत फोन कर म्हणतो. दुसऱ्या फोनला तो म्हणतो, “दादा, सेल्फला १०.४, बुडबुडे येताहेत, फिल्टरच्या अलीकडे.” तिथे उत्तर त्याचं त्यालाच मिळालेलं असतं. पिशवीत मीटर, फ्यूज, बॅन्जो वॉशर, फिल्टर, पारदर्शक पाइप, टोपणं आणि स्वच्छ कापड एवढं असलं की शेतावरची बहुतेक कामं तिथेच होतात.

उच्चदाबाच्या बाजूचा नट मात्र शेतात उघडू देत नाही, कारण वाऱ्यावरची माती आत गेली की नवं नोझलही टिकत नाही. ट्रॅक्टर ओढून आणायचा. इंजिन बंद असताना पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि काही गिअरबॉक्सना तेलही मिळत नाही, म्हणून न्यूट्रलमध्ये आणि सावकाश. अंतर जास्त असेल तर ट्रेलरवर चढवूनच आणायचा.