परभणीच्या उन्हात टिकणारं काजळ

मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. अशा उन्हात स्कार्फ बांधून स्कूटीवर ऑफिस गाठायचं आणि काजळ जागच्या जागी राहायला हवं, एवढीच माझी मागणी होती. काजळाशिवाय मला चेहरा अर्धवट वाटतो.

आई अजूनही एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली धरून काजळी जमवते, तुपात कालवते. गार वाटतं, पण तूपच ते, पसरणारच! साध्या काजळ पेन्सिलीतही मेण आणि तेलच जास्त. टिकाऊ पेन्सिलीत बहुतेकदा उडून जाणारे द्रवही असतात. लावल्यावर ते उडतात आणि रंगाचा पातळ थर कातडीला धरून बसतो. म्हणून मी वेष्टनावर आधी ‘आयसोडोडेकेन’सारखं नाव शोधते. नुसत्या ‘वॉटरप्रूफ’वर जात नाही. पाण्याला न हटणारं काजळ चेहऱ्याच्या तेलापुढे हार मानू शकतं. सुरमा मात्र नकोच. अनेक सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे.

दुकानात टेस्टर डोळ्याला न लावता हातावर रेघा ओढल्या. ‘ताई, दिवसभर हलत नाही बघा,’ दुकानदार प्रत्येकीबद्दल सांगत होता. मिनिटभर थांबून ओलं बोट फिरवलं, सगळ्या टिकल्या. मग नाकाच्या कडेचं तेल बोटाला घेऊन घासलं, तेव्हा बहुतेक रेघा फाकल्या. एकीची कड मात्र तशीच रेखीव राहिली. तीच घेतली.

लावण्याआधी डोळ्यांखालचं तेल टिश्यूनं टिपून किंचित पावडर लावते. वरच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी तुटक रेघा ओढून जोडते; हे काजळ पटकन बसतं, त्यामुळे पसरवायचं तर लगेच. मग अर्धा मिनिट डोळ्याला हात नाही. आतल्या ओल्या कडेला मी लावत नाही. तिथं तेलग्रंथींची तोंडं असतात, शिवाय अश्रूंमुळे थर बसतच नाही. बाहेरचा कोपराही जरा मोकळा ठेवते, कारण स्कार्फ तिथंच घासतो.

रात्री खोबरेलाचा कापूस मिटल्या डोळ्यावर थोडा वेळ ठेवला की सगळं अलगद निघतं. चोळावं लागत नाही. पेन्सिल स्कूटीच्या डिकीत ठेवू नका, टोक मऊ पडतं. टोक काढण्याआधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवली तर तुटत नाही. आणि डोळे आले, तर कितीही महाग असो, ती पेन्सिल टाकून द्या.