घोणस आणि दोन ‘चुकीचे’ रिपोर्ट

“मॅडम, उद्या दुर्बिणीची तपासणी ठेवलीय आणि हिचं एपीटीटी ५८ सेकंद आलंय. टेबलावर रक्त थांबलं नाही तर?” माझ्या लॅबमध्ये स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा फोन. एपीटीटी म्हणजे रक्ताचा पातळ भाग, प्लाझ्मा, नळीत गोठायला लागणारा वेळ; नॉर्मल साधारण तीस सेकंदांच्या आसपास. निळ्या झाकणाची बाटली खुणेपर्यंत भरली नाही तरी हा आकडा फुगतो, म्हणून पेशंटला लॅबवरच बोलावलं आणि रक्त मी स्वतः घेतलं. तरी तेच.

मग तिचा प्लाझ्मा नि निरोगी माणसाचा प्लाझ्मा निम्मा-निम्मा मिसळून लावला. रक्त गोठवणारा एखादा घटक कमी असता तर उसन्या प्लाझ्म्याने वेळ ताळ्यावर आली असती. आली ५३. म्हणजे कमतरता नव्हती, काहीतरी आडवं येत होतं.

“दात काढल्यावर, पाळीत कधी जास्त रक्त गेलं?”

“नाही.”

“दिवस किती वेळा गेले?”

तिने सासूबाईंकडे पाहिलं. त्याच बोलल्या. दोनदा तिसऱ्या महिन्याच्या आतच पडलं, तिसऱ्यांदा पाचव्यात ठोके थांबले. फाइल चाळताना तळाशी चौघडी घातलेला एक कागद सापडला: गरमीची (सिफिलिसची) चाचणी, व्हीडीआरएल, रिॲक्टिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह. नवऱ्याचं निगेटिव्ह. “त्या कागदापायी ही सहा महिने माहेरी होती,” सासूबाई म्हणाल्या.

मला तिथेच उलगडा झाला. व्हीडीआरएलच्या रिएजंटमध्ये, म्हणजे चाचणीच्या द्रावणात, कार्डिओलिपिन नावाचं फॉस्फोलिपिड (एक स्निग्ध द्रव्य) असतं, एपीटीटीच्या रिएजंटमध्येही फॉस्फोलिपिड. तिच्या रक्तातल्या अँटीबॉडी दोन्हीकडे चिकटत असणार. गंमत अशी, की काचेच्या नळीत त्या रक्त गोठू देत नाहीत आणि शरीरात मात्र गुठळ्या करतात, वारेचं कामही बिघडवतात. डॉक्टरांना कळवलं, “रक्तस्रावाची नको, गुठळीची काळजी करा.” दुर्बीण पुढे ढकलली.

गरमीची खात्री करणारी टीपीएचए चाचणी तेव्हाच लावली. निगेटिव्ह. गरमीचा आजार नव्हताच. या अँटीबॉडी पकडणाऱ्या लुपस अँटिकोॲग्युलंट चाचणीसाठी नमुना पुण्याला पाठवला. त्या चाचणीत घोणशीचं विष वापरतात हे ऐकून सासूबाई उडाल्याच. “आमच्या उसात निघते ती?” तीच.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण एकदाच्या पॉझिटिव्हवर अँटीफॉस्फोलिपिड सिंड्रोमचा, म्हणजे या अँटीबॉडींमुळे होणाऱ्या आजाराचा, शिक्का मारत नाहीत. १२ आठवड्यांनी पुन्हा बघावं लागतं, कारण साध्या तापानंतरही या अँटीबॉडी काही काळ दिसतात. दुसऱ्यांदाही पॉझिटिव्ह. पुन्हा दिवस राहिले की लहान डोसची ॲस्पिरिन आणि रोज पोटावर गुठळी रोखणाऱ्या हेपरिनचं इंजेक्शन, असं डॉक्टरांनी ठरवलं.

इथे एक सांगते. गर्भपात झाले की सरसकट एमटीएचएफआर या जनुकासकट महागडं जनुकीय पॅनेल लिहिणं मला पटत नाही. गुठळ्यांचा धोका वाढवणारा फॅक्टर फाइव्ह लीडन हा जनुकीय दोष आपल्याकडे मुळात कमी. शिवाय अशा आनुवंशिक दोषांत वारंवार गर्भपात झालेल्या बायकांना हेपरिन देऊन जिवंत बाळंतपणं वाढत नाहीत, हे २०२३ मध्ये अलाइफ-२ या उपचार-अभ्यासात दिसलं. हिचा आजार आनुवंशिक नव्हता आणि धागा मिळाला तो दोन स्वस्त तपासण्यांतून.

टीपीएचएचा रिपोर्ट न्यायला नवरा आला होता. म्हणाला, “मॅडम, दोन प्रती द्या. एक आमच्या घरी, एक हिच्या माहेरी.”