विरलेली टाच

चार दिवसांच्या डोंगरवाटेतले पहिले दोन दिवस नुसती चढण. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दुपारी ओढ्याकाठी बूट काढले, उजवा मोजा हातात चढवून उजेडाकडे धरला, तर टाचेतून बोटं दिसली. भोक पडलेलं नव्हतं. लोकर झिजून गेली होती आणि मागे नायलॉनची झिरझिरीत जाळी तेवढी उरली होती.

लोकरी मोजा बहुतेक वेळा असाच जातो. चालण्यासाठीच्या मोज्यात लोकर साधारण 50 ते 75 टक्के, बाकी नायलॉन आणि थोडा ताणला जाणारा धागा. झिजते आधी लोकर, नायलॉन मागून. म्हणून ‘शंभर टक्के लोकर’ असं लिहिलेला मोजा मी लांबच्या चालीला घेत नाही. झोपताना घालायला उत्तम. मेरिनो, म्हणजे त्या जातीच्या मेंढीची मऊ लोकर; तिचा तंतू साधारण 17 ते 20 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). एवढ्या बारीक तंतूचं टोक कातडीला लागलं की वाकतं, म्हणून तो टोचत नाही. पण बारीक आहे म्हणूनच लवकर तुटतो. मऊपणा आणि टिकाऊपणा दोन्ही भरपूर मागणाऱ्याला कुठेतरी तडजोड करावीच लागते.

टाच विरली की सगळे मोज्याला शिव्या देतात. आधी बुटात हात घालावा. माझ्या बुटाचं टाचेकडचं अस्तर फाटलं होतं आणि आतली शिवण कानशीसारखी लागत होती. त्यात घोट्याशी लेस सैल, म्हणजे चढणीवर दर पावलाला टाच उचलली जाणार आणि त्याच जागी घासणार. भरीला बारीक वाळू. ती लोकरीत रुतून बसते आणि वरवर झटकून निघत नाही. मोजा उलटा करून आपटावा लागतो. ओढ्यात खळबळून घेतला तर वाळलेल्या घामाचा कडकपणाही जातो.

पण ओला मोजा रात्रीत वाळेल या भरवशावर राहू नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प शोषूनही ओली लागत नाही, हे खरं. घाम येणाऱ्या पायाला म्हणूनच ती सुखाची. तीच लोकर पाण्यात बुडाली की मात्र पातळ सिंथेटिक मोज्यापेक्षा सावकाश वाळते, आणि तळव्याखाली टॉवेलसारखी वीण असेल तर आणखीच. मुक्कामाच्या खोलीत शेगडीवर मोज्यांची तोरणं बांधणाऱ्यांचा मला राग येतो. वास तर सुटतोच, शिवाय नायलॉन आखडतं, इलॅस्टिक मरतं आणि सकाळी मोजा घोट्याशी गोळा होतो. सुरकुती पडली की तिथे फोड ठरलेला. कोरड्या कपड्यात गुंडाळून पिळावा आणि दुसऱ्या दिवशी पिशवीच्या पाठीला अडकवून चालत वाळवावा.

त्या संध्याकाळी टाचेला रफू. जाळी दिसते तीच रफूची वेळ. भोक पडल्यावर काम दुप्पट होतं. बोथट टोकाची सुई, लोकर-नायलॉन मिश्र धागा आणि टाचेत भरायला गोल, गुळगुळीत काहीही, बाटलीचं बूड चालतं. विरलेल्या जागेच्या बाहेर 1 सेंटीमीटरवर, शाबूत विणीत सुरुवात करायची. एक टाका वर, एक खाली, अशा उभ्या ओळी अगदी जवळजवळ. वळताना धाग्याचा बारीकसा फास सैल सोडायचा, कारण धुतल्यावर धागा आखडतो. मग आडव्या ओळी, उभ्या धाग्यांच्या आलटून पालटून वरून-खालून. गाठ कुठेही मारायची नाही. शेवट 2-3 सेंटीमीटर तसाच विणीत घालवायचा. आणि ओढायचं नाही. ओढलं की चुणी पडते, आणि ती चुणी तासाभरात कातडी सोलते. मी पहिल्या तीन ओळी ओढल्या आणि उसवल्या.

घरी धुताना मोजा उलटा, पाणी 30 अंशांच्या आसपास, एन्झाइम नसलेला साबण. डाग काढणारी प्रथिनभक्षक एन्झाइमं लोकरीलाही कुरतडतात, कारण लोकर म्हणजे प्रथिनच. गरम पाण्यात चोळलं तर तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि मोजा नमद्यासारखा घट्ट होऊन आक्रसतो. तो परत सैल होत नाही.

जाड मोजा म्हणजे ऊबदार, हाही गैरसमजच. बूट तंग असेल तर जाड मोज्याने पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि बोटं गार पडतात. बूट घेताना तोच मोजा घालून घ्यावा. मोज्याची टाच पायाच्या टाचेवरच बसली पाहिजे. ती वर घोट्याकडे सरकत असेल तर माप मोठं आहे.

चौथा दिवस सगळा उतरणीचा. रफू टिकलं. उतरणीला पाय पुढे सरकतो, टाच मागे फारशी घासत नाही. संध्याकाळी डावा मोजा उजेडाकडे धरला, तर अंगठ्याशी जाळी दिसत होती. नख कापायचं राहिलं होतं.