मांजरीचा कान

आमच्या चित्रकलेच्या वर्गातल्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून एक चित्र चिकटवलेलं होतं. मासिकातून कापलेलं, काळं-पांढरं, कडा पिवळ्या पडलेल्या. रंगांच्या बाटल्या काढायला दार उघडलं की तो घोडा समोर यायचा. मान वर ताणलेली, तोंड उघडं आणि जिभेच्या जागी सुरीसारखं टोक. आठवीत असताना मी सरांना विचारलं, हा एवढा का ओरडतोय? सर म्हणाले, "गाव जाळलंय त्याचं."

ते पिकासोंचं 'गेर्निका' होतं, हे त्याच तासाला कळलं. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या त्या गावावर विमानांतून बॉम्ब टाकले आणि पिकासोंनी त्याच वर्षी जवळजवळ साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर लांब कॅनव्हास रंगवला. त्यात मेलेलं मूल मांडीवर घेतलेली आई आहे, आगीत सापडलेला माणूस आहे. तरी रात्री डोळे मिटल्यावर मला आठवायचा तो घोडाच. आपलं काय झालं, हे त्या घोड्याला सांगता येत नाही. बहुधा म्हणूनच तो डोक्यातून जात नसावा.

माझी दहावी १९९१ ची. नववीत इंटरमिजिएटच्या परीक्षेसाठी सर शाळा सुटल्यावर आम्हाला थांबवून घेत. आम्हा सहा-सात जणांना ते गंगेवर, म्हणजे आमच्या नाशिकच्या गोदाकाठी, स्केचिंगला पाठवायचे. तिथे टांगे लागलेले असत. पहिल्या दिवशी आम्ही सगळ्यांनी धावणारे घोडे काढून आणले. सरांनी कागद परत दिले. "हे तुम्ही कॅलेंडरावर पाहिलेत. तिथला घोडा उभा होता ना? मग उभाच काढा." दुसऱ्या दिवशी बसून पाहिलं, तेव्हा लक्षात आलं की उभा घोडा मागचा एक पाय जरा दुमडून खुराच्या टोकावर टेकवतो आणि अंगाचा भार बाकीच्या पायांवर घेतो. थोड्या वेळाने पाय बदलतो. दिवसभर प्रवासी ओढणाऱ्या जनावराचा थकवा त्या एका पायात होता. एका रविवारी सर आम्हाला पांडवलेण्यांत घेऊन गेले. खांबांच्या माथ्यावर पाठीला पाठ लावून बसलेले प्राणी दाखवून एवढंच म्हणाले, "वरचा भार कुणाकडे दिलाय बघा."

त्याच वर्षी माझी आजी गेली. भांडी बाजारामागच्या वाड्यात आमच्या दोन खोल्या. आजी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली होती. रात्रीतून चार-पाच वेळा हाक यायची, "कोण आहे गं तिकडे?" आई उठायची, कधी मी. आजी गेली त्या रात्री मी सलग झोपले आणि सकाळी जाग आल्यावर पहिल्यांदा जे वाटलं, ते दुःख नव्हतं. सुटल्यासारखं वाटलं. पाठोपाठ स्वतःची इतकी लाज वाटली की तेराव्यापर्यंत मी आईच्या नजरेला नजर दिली नाही. घरी येणारे डोक्यावरून हात फिरवून म्हणायचे, "आजीची फार लाडकी होतीस गं." मग अजूनच आवंढा यायचा.

शाळेत परतले तेव्हा स्मरणचित्राचा सराव चालू होता. विषय होता 'घरातील एक प्रसंग'. तासभर कागद कोरा. मला माणसाचा चेहराच काढता येईना. रडता काढला तर खोटा, हसता काढला तर कुणाला दाखवणार? सरांना बातमी माहीत होती. जवळ येऊन हळूच म्हणाले, "माणूस नको काढूस. घरात अजून कोण होतं?"

घरात मांजर होती. आजीची गादी उन्हात टाकली होती आणि तिच्यावर मांजर पसरलेली. तीन वर्षं तिला त्या गादीवर कुणी बसू दिलं नव्हतं. मी तीच काढली. गादीचा निळा पट्टा, त्यावर पडलेलं सकाळचं ऊन, चारी पाय ताणून झोपलेली मांजर. पोस्टर कलर वाळेपर्यंत सर मागे उभे होते. मग त्यांनी बोट ठेवलं. "झोपलीये ना ही? मग हा एक कान मागे का वळलाय?"

मी पाहिलं होतं, तसाच काढला होता. तो कान आजीच्या खोलीकडे वळलेला होता. सरांना मी काहीच उत्तर दिलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. मला जे कुणाला सांगता येत नव्हतं, ते पूर्ण त्या चित्रात होतं. सुटका, आणि हाक येईल म्हणून अजून जागा असलेला कान.

पुढे मी चित्रकलाच शिकले, आता शिकवतेही. स्पॅनिश चित्रकार गोयांचं कुत्र्याचं चित्र मला त्या कपाटातल्या घोड्यामुळेच लवकर कळलं, असं वाटतं. बहिरे झालेले गोया म्हातारपणी माद्रिदबाहेरच्या आपल्या घराच्या भिंतींवर चित्रं काढत होते, साधारण १८१९ ते १८२३ या काळात. त्यांतल्या एकात खाली कुत्र्याचं फक्त डोकं दिसतं आणि वर जवळजवळ रिकामी पिवळट भिंत. आपल्याकडचे चित्रकार तय्यब मेहतांनी फाळणीच्या दंगलीत जमावाने एका माणसाला मारताना पाहिलं होतं. त्यांच्या चित्रांत पाय बांधून पाडलेला बैल वर्षानुवर्षं येत राहिला. वांद्र्याच्या कत्तलखान्यात जाऊन त्यांनी चित्रीकरणही केलं. मेक्सिकोच्या चित्रकार फ्रिडा काहलोंनी पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर, १९४६ मध्ये, नऊ बाण लागलेल्या हरणाला स्वतःचा चेहरा दिला. त्यांनी हरीण पाळलेलं होतं, म्हणून त्या चित्रातले पाय हरणाचे वाटतात.

माझे विद्यार्थी पिंजऱ्यातला पोपट काढून 'स्त्रीचं दुःख' असं नाव देतात, तेव्हा मी कागद परत देते. घुबड म्हणजे अमुक, घोडा म्हणजे तमुक, असा कोश उघडून चित्र होत नाही. आधी पोपट बघा. तो दांडीवर कुठल्या पायावर उभा राहतो, कुणी जवळ आलं की पंख कसे आवळतो, ते बघा. दुःख आपसूक येऊन बसतं.

मांजरीचं ते चित्र मी घरी लपवून ठेवलं होतं. आईला ते कपड्यांच्या ट्रंकेत सापडलं. मी दारात उभी. आईने बराच वेळ पाहिलं, मग कानावरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "मला पण अजून हाक ऐकू येते गं." त्यानंतर ती रडली, आजी गेल्यापासून पहिल्यांदाच. आम्ही दोघी त्या ट्रंकेपाशी बसून राहिलो. सुटल्यासारखं वाटलं, हे आम्ही दोघींनी एकमेकींना त्या दिवशी सांगितलं.

२००८ च्या पुरात गोदापात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला, पाणी भांडी बाजारात शिरलं, आमच्या वाड्यातही आलं. ट्रंक भिजली. चित्राचा खालचा कोपरा गेला आहे, गादीचा पट्टा ओघळला आहे. कान शाबूत आहे. शाळेच्या अमृतमहोत्सवाच्या प्रदर्शनासाठी ते आणून देत आहे. शक्य असेल तर चित्रकलेच्या वर्गातच लावावं, त्या कपाटाशेजारी.