खिळा न मारता जोडलेलं सागवान
सागवानी कपाट नातवंडांपर्यंत टिकवायचं असेल तर माझं सरळ मत, सांधा कुसवाचाच हवा (एका लाकडाच्या टोकाला कोरलेली जीभ, म्हणजे कुसू, दुसऱ्याच्या खाचेत बसवायची), खिळे नकोत, कोकणातल्या दमट हवेत लोखंड गंजतं आणि भोवतीचं लाकूडही काळं पडतं. कुसू साधारण लाकडाच्या जाडीच्या एक तृतीयांश ठेवायचं, खाच पटाशीने काढायची, मग दोन्ही तुकड्यांत वेगवेगळी आरपार भोकं पाडून लाकडी खुंटी ठोकायची. आणि खरी मजा इथे आहे, कुसवातलं भोक खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथून सुरू होतं त्या पायरीच्या, बाजूला मिलिमीटरभर सरकवून घ्यायचं, म्हणजे खुंटी आत जाताना सांधा स्वतःच घट्ट ओढला जातो, ग्लूची गरजच नाही! दाराची फळी मात्र खोबणीत मोकळीच सोडा प्लीज, पावसाळ्यात ती रुंदीत फुगते, उन्हाळ्यात आकसते, चिकटवली की तडकणारच.